आईने न पाहिलेला सिनेमा

माझ्या लहानपणी, युद्धाच्या दिवसांत, वाईत सिनेमा पाहणाऱ्यांपेक्षा सिनेमाबद्दल बोलणारे जास्त होते. खेळ बघायचा तर साताऱ्याला जावं लागे, आणि कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार वाटेत कधी बसकण मारील याचा नेम नसे. त्यामुळे कोणी एखादा जाऊन आला की देवळाच्या कट्ट्यावर त्याच्याभोवती माणसं जमत. नायिका कशी रडली, गाणी कोणती, विनोदी नट कुठे आपटला, सगळं साग्रसंगीत सांगून होई. मग ज्यांनी तो खेळ पाहिलाच नव्हता तेही ठासून मतं देत. माझे वडील शाळेत संस्कृत शिकवायचे. त्यांना ही बडबड पोरकट वाटे, पण संध्याकाळी कट्ट्यावर बसत तेही.

एका हिवाळ्यात एक सिनेमा कंपनी घाटावर आली. पलीकडच्या काठावर त्यांनी यंत्र लावलं आणि काळं फडकं घेऊन एक माणूस त्यामागे वाकून उभा राहिला. देवळांचे फोटो काढतात, असं सगळे धरून चालले. आई नेहमीप्रमाणे धुणं घेऊन गेली होती, मी तिच्याबरोबर पिळायला. वरच्या अंगाला एका गडीमाणसाने म्हशी पाण्यात घातल्या आणि सगळा गाळ आमच्या पायरीशी आला. आई हातातलं ओलं लुगडं तसंच उगारून ओरडली, "अरे, डोळे फुटले का तुझे? खाली ने त्यांना!"

"नेतो की, आवं काकू! वाईच थांबा, जनावर हाय, ऐकतंय व्हय?" तो हसत म्हणाला आणि म्हशी हाकत खाली गेला. एवढंच झालं. घरी येईपर्यंत आम्ही ते विसरूनही गेलो.

पुढच्या वर्षी साताऱ्याच्या एका साप्ताहिकात बातमी आली की वाईच्या घाटावर घेतलेला बोलपट लवकरच साताऱ्यात लागणार. गावभर तोच विषय. मी तर वर्गात सगळ्यांना सांगून आले, आम्ही जाणार म्हणून. वडीलही, आपला घाट पडद्यावर दिसणार तर बघून यावं, असं म्हणाले. आईने नवं लुगडं काढून ठेवलं होतं. ऐनवेळी ती बाहेरची झाली आणि वडील आणि मी दोघंच गेलो.

थेटरात निम्मी माणसं वाईचीच. देऊळ दिसलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सिनेमातला विनोदी नट घाटावर आला. त्याने कुणाकडे तरी बघून डोळा घातला आणि लगेच पडद्यावर एक बाई दिसली, ओचा खोचलेली, तोंड उघडून ओरडणारी, ओलं लुगडं उगारणारी. आवाज बाईचा नव्हता, पेटी-तबल्याचा होता. नट घाबरून मागे सरकला आणि धपकन पाण्यात पडला. पुढे पिटात, स्वस्त तिकिटाच्या बाकांवर, शिट्यांचा कल्लोळ झाला. मीही हसले. मग मला ते लुगडं ओळखू आलं, आणि त्यानंतर आई.

वडिलांनी मान खाली घातली ती खेळ संपेपर्यंत वर केली नाही. बाहेर पडताना त्यांच्या शाळेतले एक गृहस्थ म्हणाले, "वा, मास्तर! घरात नटी आहे, हे कधी बोलला नाहीत." वडिलांनी समजवायचा प्रयत्न केला. तो नट तिथे नव्हताच, दोन वेगवेगळे तुकडे जोडलेत, असं ते म्हणाले. "असं होय," म्हणून गृहस्थ हसले. कोणालाच ते खरं वाटलं नाही. डोळा घातला ते दिसलं होतं, ओरडली तेही दिसलं होतं. आणखी काय पाहिजे?

घरी आलो तर आई बाजूच्या खोलीतूनच म्हणाली, "कसा होता खेळ? घाट दिसला का?"

"दिसला," वडील म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

आईला कळलं ते शेजारच्या काकूंकडून. "कंपनीत काम केलंत म्हणे! आम्हाला तरी सांगायचं." आईला आधी थट्टाच वाटली. संध्याकाळी वडील तिला म्हणाले, "उद्यापासून धुणं घाटावर नेऊ नकोस. विहिरीवर धू."

"पण मी केलं काय?"

"तू काही केलं नाहीस."

"मग?"

वडील उठून गेले.

दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना आईने मला विचारलं, "तू तरी सांग. काय दिसलं?"

"थोडीशीच दिसलीस," मी म्हणाले.

ती खडे काढत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "उघडी दिसले का गं मी?"

"नाही गं," मी म्हणाले. पण माझ्या डोळ्यांपुढे तिच्या उघड्या पोटऱ्या होत्या आणि कानात त्या शिट्या होत्या. मला मान वर करता आली नाही. आईने माझ्या शब्दांवर नाही, त्या खाली घातलेल्या मानेवर विश्वास ठेवला. पुन्हा तिने कधी विचारलं नाही.

त्यानंतर ती घाटावर गेली नाही. हळदीकुंकवाला गेली तर दाराशी बसून लवकर निघे. नवरात्रात सवाष्ण म्हणून तिला ठरलेल्या घरी बोलावणं असे, ते त्या वर्षी आलं नाही. वडिलांनी कट्ट्यावर बसणं सोडलं. कुणी सिनेमाचं बोलायला लागलं की मी तिथून उठायची.

माझं लग्न सांगलीला झालं. यजमान माधवनगरच्या गिरणीत कचेरीत होते. सासूबाई मोकळ्या स्वभावाच्या आणि सिनेमाच्या भारी शौकीन. तोवर युद्ध संपलं होतं. पहिल्या बाळंतपणासाठी आई मला न्यायला आली, आणि नेमका तेव्हाच तो सिनेमा सांगलीत पुन्हा लागला. टांग्यावर पाटी बांधून, ताशा वाजवत जाहिरात दारावरून गेली.

"विहीणबाई, चला की," सासूबाई म्हणाल्या. "तुमची वाई दिसते म्हणे त्यात."

स्वयंपाकघरात आईला गाठून मी म्हणाले, "आई, नको. काहीतरी सांगून टाळ."

"मला बघायचंय," ती म्हणाली. "सगळ्या गावाने पाहिलं. मीच नाही पाहिलं."

दुपारच्या खेळाला आम्ही तिघी बायकांच्या बाजूला बसलो. घाट आला तसा मी पदर तोंडाशी धरला. नटाने डोळा घातला, आई पडद्यावर आली. बायका खळखळून हसल्या. सासूबाई पुढे वाकल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "अगंबाई! विहीणबाई, या तुम्हीच की!"

आजूबाजूच्या सगळ्या माना वळल्या. मला वाटलं, भुई दुभंगावी.

"हो, मीच," आई म्हणाली. "म्हशीवाल्याला ओरडत होते. हा मेला तिथे नव्हताच."

मागच्या बाकावरची एक बाई म्हणाली, "असंच ओरडायला पाहिजे, बाई!" आणि पुन्हा हशा झाला. त्यात आईला हिणवणं नव्हतं.

घरी येताना सासूबाई पुढे चालत होत्या. आई माझ्याबरोबर मागे राहिली.

"एवढंच होतं?"

"हो."

"डोक्यावर पदर होता माझ्या. सगळ्या बायका खोचतात तेवढाच ओचा खोचलेला होता." ती थांबली. "मला वाटत होतं, माझं लुगडं सुटलेलं दिसलं असणार. वाण्याकडे गेले तरी तेच मनात. एवढ्यासाठी मी नदी सोडली? तुम्ही दोघं बघून आलात, एकालाही सांगता आलं नाही?"

मी पुढे चालणाऱ्या सासूबाईंच्या पाठीकडे बघत चालत राहिले.

वाईला पोहोचल्यावर तिने वडिलांना सांगितलं, "तो सिनेमा बघून आले."

वडिलांनी चष्मा काढला. "विहीणबाईंना कळलं?"

"मीच सांगितलं."

ते उपरण्याने काचा पुसत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने धुण्याची बादली उचलली तेव्हा ते ओटीवरच होते. त्यांनी अडवलं नाही, आणि तिच्याकडे पाहिलंही नाही. घाटावर कुणी काही म्हणालं नाही. गाव तोवर दुसऱ्याच कुठल्या सिनेमाबद्दल बोलत होतं.

पुढे आई सांगलीला आली की ती आणि सासूबाई मिळून खेळ बघत आणि घरी येऊन झोपाळ्यावर त्यावर तावातावाने वाद घालत. आईची मतं फार सडेतोड असत. मी चहाचं निमित्त करून आत जायची. "तुला कसा वाटला गं?" तिने हाक मारून विचारलं की "बरा होता" एवढंच म्हणायची, चुलीकडे बघत.