पाठ असलेला नंबर

यशया पाटोळ्याला मिरजगावात कुणी कधी नंबर सांगितला नाही. रिसीव्हर उचलायचा आणि नाव घ्यायचं. "यशया, कारभारी आडत्याला लाव." बस्स, काम झालं. टेलिफोन एक्स्चेंजच्या एकाच खोलीत, बोर्डासमोरच्या लाकडी खुर्चीत बसून यशया "लावतो" म्हणायचा आणि दोरी बरोबर भोकात जायची. गावात साठेक फोन, शिवाय कर्जतचे, नगरचे, श्रीगोंद्याचे, असे चारेकशे नंबर त्याला तोंडपाठ. डिपार्टमेंटनं दिलेली छापील डिरेक्टरी? ती खुर्चीचा एक पाय डुगडुगायचा म्हणून त्याखाली सरकवलेली. चेष्टा नाही, गावानं डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे.

त्याला माज होता का? होता की. पण फुकटचा नव्हता.

१९८० सालातलं सांगतो. बौद्धवस्तीतली कलाबाई, नवरा गेलेली, दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणारी बाई. तिच्या अकरा वर्षांच्या दीपाला लाल विंचू चावला. पोरगी घामानं भिजलेली, श्वास लागलेला. कलाबाई अनवाणी धावत एक्स्चेंजवर आली. "भाऊ, कर्जतच्या डागदरला बोलीव, पोरगी चालली माजी!" आता त्या डॉक्टरनं चारच दिवसांपूर्वी दवाखाना हलवला होता. डिरेक्टरीतला नंबर लावला असता तर कुलूप घातलेल्या खोलीत घंटी वाजत राहिली असती. पण कर्जतच्या ऑपरेटरनं बोलता बोलता ती बातमी यशयाच्या कानावर घातली होती, आणि यशयानं त्याच मिनिटाला डोक्यातला जुना नंबर खोडून नवा लिहिला होता. डॉक्टर जीप घेऊन आला. दीपा वाचली.

तेव्हापासून कलाबाईचं एकच पालुपद. "यशयाभाऊनं लावल्याला नंबर कवाच चुकत न्हाई."

पुढं आपोआप लागणारे फोन आले. बोर्ड गेला, दोऱ्या गेल्या. यशयाची नगरला बदली झाली, तिथं त्याला कागदं इकडून तिकडं सरकवायला बसवलं. दोन वर्षं कशीबशी काढली, मग नोकरी सोडून तारकपूर स्टँडजवळ एसटीडी बूथ टाकला. योगायोग असा की कलाबाईही लेकीपाठोपाठ नगरलाच आली होती. दीपा नर्सिंग शिकून एका खासगी दवाखान्यात लागली होती. कलाबाई महिन्याकाठी बूथवर यायची आणि नुसतं म्हणायची, "गोजराला लाव." गोजरबाई ही तिची मिरजगावातली बहीण, आणि तिच्या शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर यशयाला पाठ. बाई त्या नंबरातला एक आकडाही कधी बोलली नाही.

अठ्ठ्याण्णव साली यशयाच्या भाच्यानं, पुण्याच्या मार्कनं, बूथमध्ये कॉम्प्युटर आणून बसवला. इंटरनेटसाठी तेव्हा पुण्याला फोन लावावा लागे. मार्क मामाला समजावून सांगू लागला. "आपण साइटचं नाव टाइप करतो, पण यंत्राला नाव कळत नाही, मामा. त्याला आकड्यांचा पत्ता लागतो. मग आपला कॉम्प्युटर पुण्याच्या एका मशीनला विचारतो, या नावाचा नंबर काय? त्याला माहीत नसलं तर ते वरच्याला विचारतं. वरचं म्हणतं, मला नाही ठाऊक, पण अमक्याला विचार. असं विचारत विचारत जे मशीन ते नाव सांभाळतं त्याच्यापर्यंत पोचतं, आणि तिथून नंबर मिळतो."

यशया खुदकन हसला. "अरे लेका, हे तर माझंच काम! मिरजगाव कर्जतला विचारणार, कर्जत नगरला."

"तेच. फक्त हे मिळालेला नंबर थोडा वेळच लक्षात ठेवतं. दिवसभर म्हणा. मग मुद्दाम विसरतं आणि परत विचारतं."

"विसरतं? विसरणारा ऑपरेटर काय कामाचा रे?"

मार्क हसला आणि विषय तिथंच राहिला. राहायला नको होता. पुण्याची लाइन रडतखडत चालायची, नाव विचारण्यातच अर्धा वेळ जायचा, आणि कधी कधी उत्तर यायच्या आतच लाइन तुटायची. तेव्हा मार्कनंच मामाला एक साधी फाईल दाखवली. तीत नाव आणि त्यापुढं नंबर लिहून ठेवला की कॉम्प्युटर कुणालाच विचारत नाही, थेट जातो. "पण हे तात्पुरतं हं, मामा. काम झालं की ओळ पुसून टाकायची." मामानं मान डोलावली. आणि महिन्याभरात त्या फाईलीत चाळीस नावं चढली. यशयाला वाटलं, बोर्डासमोरची खुर्ची परत मिळाली.

नव्व्याण्णवच्या जानेवारीत दीपानं आखातातल्या एका हॉस्पिटलच्या नोकरीसाठी अर्ज केला. दवाखान्यातला डॉक्टर तिला पेशंटांसमोर वाट्टेल ते बोलायचा, जातीवरूनही टोमणे मारायचा. तिला तिथून सुटायचं होतं, आईला घेऊन. पण अट होती, वय तिशीच्या आत. आणि मार्चच्या नऊ तारखेला दीपाला तीस पुरी होणार होती. म्हणजे ही शेवटची संधी, यानंतर दार बंद. निवडलेल्यांची नावं आणि मुंबईच्या मुलाखतीची तारीख फक्त त्यांच्या साइटवर लागणार होती, पत्र कुणालाच येणार नव्हतं.

"काका, रोज बघाल ना?" दीपानं विचारलं.

"तू ड्यूटी कर. माझ्यावर सोड."

आणि यशयानं ती साइटही फाईलीत चढवली. रोज सकाळी बूथ उघडला की आधी ती बघायची, मग केर काढायचा. पडद्यावर रोज तीच ओळ यायची: यादी लवकरच प्रसिद्ध होईल. दीपा ड्यूटीवरून परतताना बूथच्या दारात थांबायची. यशया मान हलवायचा. ती हसून म्हणायची, "उद्या लागंल." असे अठरा दिवस गेले. एकही दिवस चुकला नाही. रविवारी चर्चला जायच्या आधीसुद्धा तो बूथ उघडून बघायचा.

फेब्रुवारीच्या चोवीस तारखेला बूथचा फोन वाजला. पुण्याहून सिल्व्हिया बोलत होती, दीपाबरोबर नर्सिंग शिकलेली. दीपाकडं फोन नव्हता, म्हणून ती बूथवरच करायची.

"काका, दीपा का नाही आली? काल मुंबईला मी तिची संध्याकाळपर्यंत वाट बघितली."

"कशाला यायचं? यादीच लागली न्हाई अजून."

"अहो, दहा दिवस झाले लागून! दीपाचं नाव तिसरं होतं, काका. तिसरं!"

यशयाला रागच आला. पोरगी काहीतरी भलतंच बघून बसली असणार. त्यानं फोन ठेवून साइट उघडली. यादी लवकरच प्रसिद्ध होईल. पान पुन्हा मागवलं. तीच ओळ. तिसऱ्यांदा मागवताना मात्र त्याचा हात थांबला. त्यानं मार्कला फोन लावला.

"मामा, तुमच्या फाईलीत त्या साइटचा नंबर काय आहे?"

यशयानं फाईल न उघडताच घडाघडा सांगितला.

मार्कनं आपल्या कॉम्प्युटरवर तेच नाव विचारून बघितलं. मग हळू म्हणाला, "हा जुना आहे. त्यांनी साइट दुसऱ्या मशीनवर हलवलीय. ज्यांनी ज्यांनी नाव विचारलं त्यांना नवा नंबर मिळाला. तुमच्या कॉम्प्युटरनं विचारलंच नाही." आणि मग, "जुनं मशीन त्यांनी बंद केलं नसणार. ते आपलं जुनं पान दाखवत बसलंय."

यशया खुर्चीत नुसता बसून राहिला. एक गिऱ्हाईक आलं, काचेवर टकटक करून निघून गेलं. कर्जतच्या डॉक्टरचा तो कुलूप घातलेला दवाखाना त्याला आठवत राहिला. त्या वेळी कुणीतरी सांगितलं होतं म्हणून निभावलं. या वेळी त्यानं विचारायचं दारच स्वतःच्या हातानं लावून घेतलं होतं.

खोटं बोलता आलं असतं. साइट बंद होती म्हणाला असता तर त्या दोघींना काय कळणार होतं! पण त्या संध्याकाळी तो त्यांच्या खोलीवर गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. शेवटी म्हणाला, "चूक माजी हाय."

दीपा नुकतीच ड्यूटीवरून आलेली. युनिफॉर्म अंगावरच होता, बटणाशी चाळा करत राहिली. फॉर्म भरताना काढलेला तिचा फोटो भिंतीवरच्या आरशाच्या कडेला खोचलेला होता. कलाबाईला त्यातलं फारसं कळलं नाही. तिनं एकच गोष्ट विचारली.

"मंग भाऊ, इतकं दिस तिकडून कोन बोलत हुतं?"

"कुनी न्हाई, कलाबाई. तिकडं कुनीच नव्हतं."

मार्कनं हॉस्पिटलला दोनदा मेल पाठवली. जागा भरल्या, असं एका ओळीचं उत्तर आलं. मार्चची नऊ तारीख आली तशी गेली. दीपा त्याच दवाखान्यात, त्याच डॉक्टरच्या हाताखाली राहिली. ती बूथवरून जायची, पण थांबायची नाही. यशयानं फाईलीतली सगळी नावं पुसली. लाइन तुटो, वेळ लागो, कॉम्प्युटर आता दर वेळी पुण्याला विचारायचा.

मे महिन्यात कलाबाई आली. उन्हानं घामाघूम झालेली. यशयानं लगबगीनं स्टूल पुढं केलं, फॅन तिच्याकडं वळवला आणि रिसीव्हर उचलला. गोजरबाईच्या शेजारचा नंबर त्याच्या बोटांत तयारच होता.

कलाबाईनं कनवटीची चिठ्ठी काढली, उलगडून त्याच्यापुढं काउंटरवर ठेवली. दीपाच्या अक्षरात लिहिलेला नंबर होता, तोच, एकाही आकड्याचा फरक नव्हता.

"ह्ये बगून लाव, भाऊ," ती खाली बघत म्हणाली.

यशयानं चष्मा घातला आणि चिठ्ठीवर बोट ठेवून एकेक आकडा वाचत नंबर लावला.