पिचर मंदाताई

इकडे परदेशात मराठी घरी पाहुणे जमले की दाराबाहेर जँडल्स, म्हणजे रबरी चपला, साचतात, तसे आमच्या सॉफ्टबॉल टीममध्ये मंदाताईंचे किस्से साचलेत. त्यातले खरे किती? मी स्टॅटिस्टिक्सचा निवृत्त प्राध्यापक आणि टीमचा स्कोअरर, म्हणून लोक मला विचारतात. मला घाम फुटतो.

*

ताईंची हेन्डरसन या उपनगरात डेअरी. म्हणजे इकडच्या भाषेत कोपऱ्यावरचं दुकान. पहिल्या प्रॅक्टिसला आमचा कॅप्टन नितीन म्हणाला, "ताई, तुम्ही चहाचं बघाल ना?"

"बघते की. आधी सहा बॉल टाकू दे."

अमरावतीला कॉलेजात त्या पिचर, म्हणजे बॉल टाकणाऱ्या, होत्या, हे कुणाला ठाऊक! नितीनची बॅट सहाही वेळा हवेत फिरली.

"आता तू चहाचं बघ," ताई म्हणाल्या.

*

नितीन मग ताईंचे बॉल झेलणारा कॅचर झाला. सोमवारी सुजलेला हात घेऊन ऑफिसात गेला. मॅनेजरने विचारलं, "रग्बी?"

"नाही. आमच्या डेअरीवाल्या ताई!"

*

एकदा ऐन मॅचमध्ये दुकानातून फोन आला. ताई म्हणाल्या, "सप्लायरला थांबव. तिघांना आउट करून बोलते."

सप्लायरला फार थांबावं लागलं नाही!

*

पुकेकोहे गावाच्या टीमशी झालेल्या मॅचमध्ये मात्र माझ्या हातून घोटाळा झाला. ताईंचा बॉल बघताना मी लिहायचंच विसरलो. घरी येऊन आठवून आकडा टाकला: अकरा स्ट्राइकआउट, म्हणजे बॅटला बॉल न लागता अकरा आउट. पुढे तोच आकडा सगळ्यांच्या तोंडी झाला. वर्षानुवर्षं मला एकच धास्ती, मी फुगवून तर लिहिलं नाही? खोटं निघालं तर नाव ताईंचं जायचं.

*

परवा ताईंची सत्तरी झाली. हॉलमध्ये बॅनर होता: "एका मॅचमध्ये अकरा!" पाहुण्यांत पुकेकोहेचा तेव्हाचा कॅप्टन, विरेमू. "किआ ओरा" असा इकडचा नमस्कार करत आला, बॅनर वाचला आणि मान हलवली. "हे चूक आहे."

मी खुर्चीतून उठलो. सगळ्यांसमोर कबूल केलं, "मी आठवणीतून लिहिलं होतं."

"तरीच!" विरेमू हसला. "चौदा होते, सर. त्यात तीनदा मीच आउट. मी कसा विसरेन?"

मी मटकन खुर्चीत बसलो. किती वर्षांनी मोकळा श्वास घेतला! ताईंना म्हटलं, "तुम्ही कधी बोलला कशा नाहीत?"

"मला चौदाच आठवत होते हो. पण म्हटलं, एवढे शिकलेले सर अकरा लिहितात, म्हणजे माझंच चुकत असेल."