हसण्याचीही धास्ती

आठ महिने निशिगंधा भिंतीकडे तोंड करून पडून होती. अख्ख्या बिल्डिंगची ब्लाउजं शिवणारी बाई, पण मशीनवरचं कव्हरही निघत नव्हतं. डॉक्टरांनी डिप्रेशन म्हणून गोळ्या दिल्या. डोंबिवलीच्या एमआयडीसीत बॉयलर सांभाळणारा तिचा नवरा काळुराम स्वतःच डबा करून नेई.

मग एका मंगळवारी ती पहाटे उठली, घर लख्ख केलं आणि गाणी म्हणत मशीनवर बसली. काळुरामने कंपनीत पेढे वाटले.

शुक्रवारपर्यंत त्याचा जीव धास्तावला. ती झोपतच नव्हती, तरी दमत नव्हती. एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. गिऱ्हाइकांची ब्लाउजपिसं कापून तिने लांबलचक तोरण शिवलं होतं.

शनिवारी दुपारी शेजारच्या शालनताईंचा कंपनीत फोन आला. "लवकर या. निशा गच्चीच्या कठड्यावर चढलीय."

तो पोहोचला तेव्हा चार मजल्यांवरच्या त्या वीतभर कठड्यावर ती तोरण बांधत उभी होती. खाली माणसं ओरडत होती.

"अहो, बघा ना, मला पडायची भीतीच वाटत नाही!"

काळुराम गच्चीच्या दारातच थांबला. धावलो तर दचकेल, ओरडलो तर चिडेल. तो सावकाश पुढे गेला.

"निशा, हे टोक लोंबतंय बघ. माझ्याकडे दे, मी गाठ मारतो."

ती वाकली. त्याने तिचं मनगट धरून तिला आत ओढलं. दोघंही गच्चीवर आपटले. ती बुक्के मारत राहिली, त्याने मिठी सोडली नाही.

रिक्षात एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला शालनताई. शीळफाट्यापर्यंत ती दोनदा उतरायला निघाली.

ठाण्याच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "पूर्वी कधी असं झालेलं? झोप नाही, तरी थकवा नाही?"

"लग्नानंतर एकदा. आठवड्यात एकटीने घर रंगवलेलं. आम्ही कौतुकच केलेलं."

"हे नुसतं डिप्रेशन नाही, बायपोलर आहे. मन कधी खोल जातं, कधी असं उधळतं. आजार एकच. नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्यांनीही काहींचं असं होतं. औषध बदलू."

"म्हणजे ती बरी झाली असं मला वाटलं, तेव्हा..."

"तेव्हा आजार चढत होता."

तीन आठवडे ती दवाखान्यात होती. घरी आल्यावर दोघांनी ठरवलं, सलग दोन रात्री झोप उडाली की डॉक्टरांना फोन. मग निशिगंधा स्वतः एकेका गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन काय झालं ते सांगून आली. बऱ्याच जणी परत आल्या. दोघी मात्र अजून जिन्यात तिला टाळतात.

वर्ष झालं. परवा जेवताना टीव्ही बघत ती खळखळून हसली. काळुरामचा घास हातातच राहिला.

"घाबरलात?"

"हो."

"काल सात तास झोपलेय. विनोदच भारी होता."

"मग मलाही सांग," तो म्हणाला.