गेटवर माझी झडती झाली

"हात वर करा," वॉचमन म्हणाला.

मी केले. अंगात काळा कोट, गळ्यात पांढरा बँड, निवृत्तीला आलेलं वय. चाकणजवळच्या त्या केमिकल कंपनीत शिफ्ट सुटली होती आणि मी कामगारांच्या रांगेत उभा होतो. वॉचमनने खिसे चाचपले. कंबर चाचपली. मग पिशवीतला डबा काढून उघडला. आत मेथीची भाजी उरली होती. त्याने ती बोटाने बाजूला करून तळ पाहिला.

मी सरकारी वकील होतो. अमली पदार्थांचे खटले चालवायचो. त्या कंपनीतून एमडीची पावडर बाहेर गेल्याचा खटला माझ्याकडे होता, म्हणून जागा पाहायला गेलो होतो. बरोबरचे पोलीस अधिकारी मोठ्या गेटने निघायला मालकाच्या गाडीत बसत होते. मीही गाडीकडे वळलो. मालकाने थांबवलं.

तासाभरापूर्वी केबिनमध्ये चहा घेताना त्याने माझं आडनाव विचारलं होतं. मग गाव. मग वडील काय करायचे. मी छाती काढून सांगितलं, पिंपरीत कंपनीत हेल्पर होते, आम्ही कामगार वस्तीत वाढलो. आता तो सगळ्यांदेखत म्हणाला, "वकीलसाहेब, तुम्ही छोट्या गेटने या. रांगेची सवय असेलच घरातून."

अधिकारी हसले. मीही हसलो. "नियम म्हणजे नियम," असंही म्हणालो. त्याच्या बोलण्यापेक्षा माझं ते हसणं मला जास्त छळतं.

वॉचमन म्हातारा, इकडच्याच गावचा. डबा परत देताना खाली बघून म्हणाला, "राग मानू नका साहेब. मालकाची गाडी सोडली तर हितनं काडीबी झडतीबिगर भाईर जात न्हाई."

मी ते ऐकलं. त्याचा अर्थही मला तिथल्या तिथे कळला.

आरोपी होता बालाजी. लातूरकडचा, कंपनीत ऑपरेटर. महाळुंग्यात त्याच्या भाड्याच्या खोलीत पावडरीच्या गोण्या सापडल्या होत्या. पोलिसांचं म्हणणं, त्याने रोज डब्यातून थोडी थोडी चोरून नेली, मालकाला पत्ताच नाही. बालाजी म्हणत होता, गोण्या मालकाच्या गाडीतून आल्या, चार दिवस ठेव म्हणाले, ठेवल्या. नोकरी होती, नाही कसं म्हणणार. मालक या खटल्यात आरोपी नव्हता. माझा साक्षीदार होता.

डब्यातून काही जाऊ शकत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझा स्वतःचा डबा उघडला गेला होता.

वॉचमन साक्षीदारांच्या यादीत होता. मी त्याला तपासलंच नाही. "सरकार पक्षाला आवश्यकता वाटत नाही," एवढं बोललो आणि पुढच्या साक्षीदाराला बोलावलं. तो पिंजऱ्यात उभा राहिला असता तर गेटची रीत सांगता सांगता म्हणाला असता, ह्या साहेबांचाबी डबा म्या उघडलाय. भरल्या कोर्टात. ज्युनियरांपुढे. मालकापुढे. त्या एका वाक्याला मी भ्यालो. बालाजीला सरकारतर्फे मिळालेला वकील नवखा होता. त्याने ते गेट कधी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं.

सरकारी वकिलाचं काम शिक्षा मिळवणं नाही, खरं कोर्टापुढे ठेवणं आहे, असं मी ज्युनियरांना शिकवायचो. चांगलं शिकवायचो.

बालाजीला दहा वर्षांची शिक्षा झाली.

निकालानंतर व्हरांड्यात त्याची बायको अनिता समोर आली. रडत नव्हती.

"साहेब, तुम्ही कंपनीत गेलते ना?"

"गेलो होतो."

"तिथं गेटवर डबा उघडून बघतेत. तुमचा नाही बघितला?"

मी म्हणालो, "आम्ही सरकारी माणसं. आमची झडती होत नसते."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग हातातली पिशवी काखेत मारून जिना उतरून गेली.

निवृत्त झालो. सांगवीला फ्लॅट घेतला. सोसायटीत मला मान आहे. परवा मीटिंग होती. कामाला येणाऱ्या बायकांच्या पिशव्या जाताना गेटवर तपासायच्या, असा ठराव होता. एकजण म्हणाला, "नाहीतर रोज चमचे मोजावे लागतील, राव." हशा झाला. चेअरमन माझ्याकडे वळले. "काका, तुम्ही सरकारी वकील. तुम्हीच मांडा."

मी उठलो. "मांडणार नाही. आणि दुसऱ्या कुणी मांडला तर विरोध करणार."

"काका, त्यात एवढं काय? बघून तर सोडायचंय."

"माझी झालीय झडती," मी म्हणालो. "रांगेत उभं करून. डबा उघडून."

हशा थांबला. शेजारी माझी बायको बसली होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

दुसऱ्याच दिवशी बालाजीच्या अपिलाच्या वकिलाला गाठलं. अपील हायकोर्टात पडून आहे, तो आत आहे. प्रतिज्ञापत्र देतो म्हणालो. मग महाळुंग्याला गेलो. अनिता त्याच भाड्याच्या खोलीत राहते, एका कंपनीत पॅकिंगला जाते. दारात उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "आता सांगायलात?"

आणि दार लावून घेतलं. बरोबर केलं.

मुलगा म्हणतो, "बाबा, सनद जाईल. पेपरात नाव येईल. आणि एवढं करून तो सुटेलच कशावरून?" सुटेलच असं नाही. मीही कायदा जाणतो. गेलेली वर्षं तर कुठल्याच कोर्टाच्या हातात नाहीत.

माझ्या वडिलांना जे हात वर करावे लागले, ते पोटासाठी. मला तसं काही कारण नव्हतं. अपमान मालकाने माझा केला आणि त्याची शिक्षा मी बालाजीला भोगायला लावली. हे असंच, याच शब्दांत लिहून दिलं आहे.

बोलावलं तर पिंजऱ्यात उभा राहीन. माझ्याच जागेवर बसलेला सरकारी वकील मला विचारेल, तेव्हा गप्प का बसलात? सांगेन, लाज वाटली म्हणून. तो आणखी खोदेल. खोदू दे. खटल्यात ज्याला मी अदबीने साक्षीदार म्हणून उभं केलं, त्या मालकाकडे या वेळी बोट दाखवणार आहे. नावानिशी, शपथेवर.