मधल्या वेळातली जादू

हे गेल्याची बातमी न्हाव्याच्या दुकानातून आली. हडपसरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी संतोषचं दुकान आहे. दाढी करायला म्हणून गेले, खुर्चीत बसले आणि मान टाकली. संतोष दारात आला तेव्हा त्याच्या हाताला साबण तसाच होता. म्हणाला, "काकू, मला वाटलं काका गंमत करतायत. मी हसलोसुद्धा..." तो रडत होता. मी गॅस बंद केला, चप्पल घातली. त्याची काही चूक नाही. हे दुकानात गेले की कंगवा नाहीसा व्हायचा, संतोष सगळीकडे शोधायचा आणि तो त्याच्याच खिशात निघायचा. असल्या माणसाचं मरणही लोकांना लगेच पटत नाही.

पेपरच्या पुरवणीत ह्यांच्यावर लिहा असं सांगणं आलं, म्हणून लिहिते. शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा जसं आहे तसं. स्टेजवर हे प्रोफेसर दिनकर. घरात नुसते हे. मी त्यांच्या जादूच्या खेळातली पेटीतली बाई. पेटीत बसायचं, वरून तलवारी खुपसायच्या, पेटी उघडली की आत कुणी नाही आणि मी दुसरं लुगडं नेसून भलतीकडून येणार. मी कुठून बाहेर पडायची ते सांगणार नाही. तसं ठरलं होतं आणि ते अजून ठरलेलंच आहे. शाळांची संमेलनं, गणपतीचे मांडव, कारखान्यांचे कार्यक्रम... स्वारगेटला एसटीच्या टपावर पेट्या चढवायच्या आणि निघायचं, अशी बरीच वर्षं गेली.

एका गणपतीत स्टेजची फळी मोडली, माझा पाय खाली गेला आणि गुडघा कायमचा अधू झाला. दुखण्याचं मला काही वाटलं नाही. माहेरच्या आळीत एक काशी होती, तिला सगळे लंगडी काशी म्हणत. लंगडी आधी, काशी नंतर. माझं तसं होऊ नये एवढंच मला हवं होतं. कार्यक्रम ठरवून देणारे एक गृहस्थ होते. माझ्यादेखत ह्यांना म्हणाले, "प्रोफेसर, आता पेटीत एखादी तरुण मुलगी घ्या. वहिनी स्टेजवर चालतात ते बरं दिसत नाही." हे म्हणाले, "पेटी जुनी आहे हो, तिला नवं माणूस चालत नाही." तो विषय तिथेच संपला.

पण मला वेळ लागायचा हे खरं. टेबल आणायला, पेटीशी जायला, बाहेर पडायला. मग ह्यांनी दोन खेळांच्या मध्ये बारीकसारीक काहीतरी सुरू केलं. चष्मा पुसायला खिशातून पांढरा रुमाल काढायचे, पुसून होईतो तो लाल झालेला असायचा. हे बघायचेसुद्धा नाहीत, तसाच खिशात टाकायचे. पेन शोधायचे, ते कानामागे सापडायचं, मग दुसऱ्या कानामागे आणखी एक, आणि हे वैतागायचे. 'बघा' म्हणायचं नाही, वाकून नमस्कार नाही. मांडव हसत असायचा आणि मी तेवढ्यात स्टेज ओलांडायची. माझ्या पायाकडे कुणी पाहिलं नाही. मी एकदा म्हटलं, "एवढ्या पेट्या वाहून आणतो आणि लोक घरी जाताना पेनाचं बोलतात." म्हणाले, "बोलू देत की. पेन हलकं असतं." 'टाळ्या का मागत नाही?' विचारलं, तर म्हणाले, "मागितल्या की लोक हाताकडे बघतात. मला ते रुमालाकडे बघायला हवेत." स्टेजवरचं हे सगळं मला ठाऊक होतं. त्यावर आम्ही कधी जास्त बोललो नाही.

पुढे खेळ बंद झाले, पण ह्यांची खोड गेली नाही. लग्नामुंजीत पंगत उठायची वेळ झाली की ह्यांनी कुणाच्या तरी पोराच्या कानातून सुपारी काढलीच. मला वैताग यायचा. म्हणायची, "अहो, पुरे आता. पडदा पडून वर्षं झाली." हे म्हणायचे, "सवय आहे." म्हातारपणी माणसाला लोकांनी बघितलेलं लागतं, असं मी समजून चालले होते.

तेराव्याला खोलीभर माणसं होती. जेवणं झाली, मी सतरंजीवरून उठायला लागले. भिंतीला हात लावला, गुडघा वाजला... आणि सगळ्यांचं बोलणं थांबलं. सगळे माझ्या पायाकडे बघत होते. पुतणी धावली, "काकू, सावकाश." तिचे सासरे मागे कुणाला तरी विचारत होते, "वहिनींचा पाय केव्हापासून असा?" इतक्या पंगतींतून मी उठले, त्यांना ते दिसलं नव्हतं. तेव्हा सुपाऱ्यांचा हिशेब लागला. तिथेच रडू येईल असं वाटलं. आलं नाही, अजूनही नाही. येईल तेव्हा येईल.

दुसऱ्या दिवशी संतोष ह्यांचा चष्मा आणि रुमाल घेऊन आला. दुकानात राहिले होते. चष्मा मी कपाटात ठेवला. रुमाल समोरच्या खुर्चीवर आहे. घरात आता बघायला कुणी नाही, लंगडत गेलं काय आणि सरळ गेलं काय. तरी उठायच्या आधी मी जरा थांबते. खुर्चीकडे बघते. रुमाल पांढराच असतो... मग उठते.