गाडीपुढचे हात

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या त्या बाईला सगळी इमारत चष्मेवाली म्हणायची. तिला स्वतःला मात्र चष्मा नव्हता. नजर इतकी स्वच्छ, की समोरच्या घरात नवे पडदे लागले तर त्यांची शिवण कुठे तिरकी गेलीय ते हिला आपल्या खिडकीतून दिसायचं, आणि दिसलं की बरं वाटायचं. स्वभावच तसा होता, लपवायचं कशाला? शेजारणीला बढती मिळाली की हिचं डोकं दुखायचं. बहिणीने घराला नवा रंग दिला की हिला आपल्या भिंतींचे पोपडे दिसायला लागायचे. पण ही दुखणी सर्दीसारखी, चार दिवस राहून जाणारी. कायमचं दुखणं एकच होतं, ते म्हणजे नणंद.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. शाळेत खेळ शिकवायची, लग्न केलं नव्हतं, दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. नवरा-बायको तिला ताई म्हणायचे आणि त्यांची पोरगी आत्या. बाई वाईट होती का? तिथेच तर सगळी पंचाईत होती. वाईट असती तर चष्मेवालीला किती सोपं गेलं असतं! ताई कधी टोचून बोलली नाही, कधी कशात नाक खुपसलं नाही, जेवायला आली तर उठून भांडी घासून जायची. फक्त तिने नुसतं "अरे" म्हटलं, की विम्याच्या कचेरीत दिवसभर माना डोलावून दमलेला हा माणूस एकदम ताठ बसायचा. आई लवकर गेली, ताईनेच त्याला वाढवलं. हे कारण चष्मेवालीला पाठ होतं. पण कारण पाठ असलं म्हणून पोटातलं दुखणं थांबत नाही.

त्यात घरात गाडी आली. मोठी, उंच, सात जणांची. चष्मेवालीला खरं तर स्वयंपाकघर नवं करून हवं होतं, पण त्या उंच गाडीत पुढच्या सीटवर बसून आपण इमारतीच्या फाटकातून बाहेर पडतोय आणि खिडक्या-खिडक्यांतून बाया बघतायत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि ती विरघळली. नवऱ्याच्या कचेरीतल्या काही जणांना रविवारी बायकापोरांसकट डांबर सोडून जायचा नाद होता. फार काही शौर्य नव्हे. मातीच्या वाटेने टेकडीमागे जायचं, एखादा कोरडा ओढा ओलांडायचा, झाडाखाली बसून पाव आणि उकडलेली अंडी खायची आणि घरी यायचं. त्यालाही तो नाद लागला, आणि जाताना तो ताईलाही बरोबर घेऊ लागला.

या नादातला एक नियम मात्र पक्का. उंच गाडी चालवणाऱ्याला आपल्याच चाकापुढचं काही दिसत नाही. म्हणून वाट अडचणीची झाली की एकाने खाली उतरायचं, गाडीपुढे तोंड करून उभं राहायचं आणि हातांनी दाखवायचं: इकडे घे, तिकडे घे, ये, थांब. चालवणाऱ्याने रस्त्याकडे बघायचंच नाही, फक्त त्या हातांकडे बघायचं. पहिल्याच रविवारी अशी जागा आली तेव्हा चष्मेवालीने दाराच्या कडीला हात घातला होता. तेवढ्यात नवरा म्हणाला, "ताई, तू उतरतेस?"

ताई उतरली. मैदानावर आयुष्य गेलेल्या बाईचे ते हात. उगाच हलायचे नाहीत. चार बोटं जवळ बोलवायची, तळवा जरासा कलायचा, मूठ मिटली की गाडी जागच्या जागी थांबायची. आणि तो! त्याचे डोळे त्या हातांवरून हलायचे नाहीत. हाच माणूस इमारतीखाली गाडी लावताना बायको मागे उभी राहून "या, या, अजून या" म्हणत असली तरी गाडीच्या मागच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघायचा. जिवंत बायकोपेक्षा त्याला काचेचा डोळा जास्त खरा वाटायचा. पुढे तर ताईला सारखं चढावं-उतरावं लागतं म्हणून पुढची सीटही तिच्याकडे गेली. चष्मेवाली मागे, पोरगी, पाण्याचा कॅन आणि पावाच्या पिशवीसोबत. फाटकातून बाहेर पडताना खिडक्यांतून बाया बघायच्या, पण त्यांना पुढे दिसायची ती ताई.

असेच काही रविवार गेले आणि एका ओढ्यात ते घडलं.

ओढा कोरडा, पण वळणाचा. ताई पलीकडच्या काठाजवळ उभी राहून बोलावत होती. पुढची चाकं नीट गेली. गाडी वळत होती आणि वळताना मागचं चाक नेहमी आतून जातं. तिथेच, वाळलेल्या गवताच्या झुबक्याआड, धारदार कडेचा एक दगड वर आलेला होता. ताईच्या बाजूने नुसतं गवत दिसत होतं. मागच्या खिडकीतून मात्र दगड अगदी समोर होता. चष्मेवालीला तो दिसला. वेळही होता. "थांबा," एवढंच तर म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं. मग काचेतून तिला ते हात दिसले, निवांत, खात्रीने बोलावणारे, आणि तिने तोंड मिटलं.

असा आवाज झाला की पोरगी किंचाळली. दाराखालची पायरी वाकली, पत्रा चांगला वीतभर चेपला. नवरा उतरला, बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा बहिणीवर ओरडला. "तुला दिसत नाही का? एवढा मोठा दगड!"

"नाही रे दिसला," ताई म्हणाली. तिने गवत बाजूला केलं आणि बराच वेळ ओणवी होऊन त्या दगडाकडे बघत राहिली.

चष्मेवालीला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. परतीच्या वाटेवर तिने सगळ्यांना संत्री सोलून दिली आणि पहिली फोड ताईला दिली. आज तिला ताई आवडत होती.

पुढच्या रविवारी ताई आली नाही. पाय दुखतोय म्हणाली. त्यापुढच्या रविवारी शाळेचं काम निघालं. मग कोणी विचारायचंही थांबलं. चष्मेवाली पुढच्या सीटवर आली. अडचणीच्या जागी उतरायला लागली. सुरुवातीला तिची नुसती तारांबळ. दोन्ही हात ओवाळायची, वर तोंडाने ओरडायची. नवरा खिडकीतून म्हणायचा, "हात! तोंड नको, हात!" पण काचेचा कण न् कण बघणारी बाई ती, शिकली. आणि एका दगडाळ चढावर वर बघते तर काय, नवऱ्याचे डोळे तिच्या बोटांवर खिळलेले. लग्नातसुद्धा त्याने तिच्याकडे असं बघितलं नव्हतं, तेव्हा तो फोटोवाल्याकडे बघत होता. तिने मूठ मिटली. एवढी अवजड गाडी आणि एवढा मोठा माणूस, दोघेही थांबले. तिला तिथेच रडू आलं असतं.

सुखात राहता आलं असतं, पण सुखात राहायला वेगळा स्वभाव लागतो. "ताई हा चढ असाच दाखवायची का हो?" तिने गाडीत बसताना विचारलं.

"ताई जरा डावीकडून घ्यायची," तो सहज म्हणाला. झालं, दिवसभर तिच्या घशाखाली घास उतरला नाही.

एकदा ताई दुकानात आली. डोळे तपासून घ्यायचे म्हणाली. तपासणाऱ्याने तिला आतल्या खोलीत बसवलं. पडद्याच्या अलीकडे चष्मेवाली एका फ्रेमचा स्क्रू आवळत होती, पण कान तिकडे. ताईने शेवटची ओळ धडाधड वाचली. वर, तक्त्याच्या कोपऱ्यातलं छापखान्याचं बारीक नावही वाचून दाखवलं. तपासणारा हसत म्हणाला, "बाई, तुम्हीच मला तपासा आता."

ताई बाहेर आली ती हसत नव्हती. "अगं, डोळे चांगले आहेत म्हणतो. मग तो दगड मला दिसला कसा नाही?"

चष्मेवालीने काच फडक्याने पुसली, उजेडात धरली, परत पुसली. "होतं असं ताई. वय होतं. डोळे धड असले तरी लक्ष राहत नाही."

"तसंच असेल," ताई म्हणाली, आणि मान खाली घालून निघून गेली. तेव्हा चष्मेवालीला लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण त्याहून जास्त डोक्यात बसलं ते छापखान्याचं नाव. मेलीचे डोळेसुद्धा धड! हे सगळं तिने घरी कोणाला सांगितलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी ते तिघं एका टेकडीवर गेले. वाटेत दोन मोठ्या दगडांमधून गाडी काढायची होती, दोन्हीकडे हातभरसुद्धा जागा नव्हती. चष्मेवालीने अशी काढली की मागून येणाऱ्या गाडीतल्या माणसाने टाळ्या वाजवल्या. वर पोचल्यावर पोरगी गाडीतच चित्रं काढत बसली, ही दोघं सावलीला बसली. नवऱ्याने संत्रं सोललं आणि अर्धं तिला दिलं.

"खरं सांगू? त्या दिवशी तू खाली असतीस ना, तर तो दगड लागला नसता."

तिने फोड तोंडात टाकली. इतकी गोड फोड तिने आजवर खाल्ली नव्हती.

"ताईचं काही खरं नाही आता," तो पुढे म्हणाला. "शाळेच्या मुलांना डोंगरावर न्यायची, ते तिने सोडून दिलं. म्हणते, माझा मलाच भरवसा वाटत नाही, एखादं पोर पडलं तर? काल फोनवर रडली. ताई रडली, कळतंय का तुला? मी म्हणतो, तिला आपल्याकडेच राहायला आणू. पोरीच्या खोलीत अजून एक पलंग मावेल."

चष्मेवालीच्या डोळ्यांपुढे सगळं घर उभं राहिलं. सकाळी दात घासताना ताई. जेवताना ताई. दिवा मालवताना भिंतीपलीकडे ताई. आणि तो आयुष्यभर ताठ बसलेला.

"काही गरज नाही आणायची!" ती उसळली. "तिच्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

"तुला काय माहीत?"

"दुकानात येऊन तपासून गेली ना. शेवटची ओळ वाचली तिने. ठणठणीत आहे."

"मग दगड कसा दिसला नाही?"

"कसा दिसेल? गवताआड होता तो. तिच्या बाजूने कोणालाच दिसला नसता. माझ्या खिडकीतून तेवढा दिसत होता."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं. नवऱ्याच्या हातात संत्र्याची साल तशीच राहिली.

"तुला दिसत होता?" त्याने विचारलं.

तो आता ओरडेल, मग ओरडेल, म्हणून ती वाट बघत राहिली. ओरडला असता तर तिने उलटून सगळं काढलं असतं, पुढची सीट, ते "ताई, तू उतरतेस?", कॅमेरा, सगळं. तिच्याकडे पुष्कळ होतं. पण तो ओरडला नाही. साली गोळा करून पिशवीत भरल्या आणि म्हणाला, "चला, ऊन चढतंय."

गाडीत बसल्यावर तो पोरीला म्हणाला, "आत्याला फोन लाव. घरी आहे का विचार. जाताना तिच्याकडे थांबायचंय." पोरीने फोन लावला. आत्या घरी होती. चष्मेवाली पुढच्या सीटवर बसून समोर बघत राहिली.

उतारावर ते दोन दगड आले. त्याने गाडी थांबवली. ती उतरली, दगडांच्या मधून पुढे गेली, वळली आणि हात वर केले. जागा तिला पाठ होती. अंगातलं सगळं कसब तिने बोटांत आणलं. चार बोटांनी बोलावलं. गाडी हलली नाही. तिने परत बोलावलं. काचेमागे तो तिच्याकडेच बघत होता, पण हातांकडे नाही, तोंडाकडे.

मग त्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. तिच्या बाजूने गेला, डाव्या दगडापाशी उकिडवा बसला, कडेवरून हात फिरवला. उजव्या दगडापाशीही तसंच. उठला, जाऊन गाडीत बसला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि आपल्या चाकाकडे बघत इंच इंच गाडी पुढे घेऊ लागला. ती हात वर करून उभीच होती. बोटं बोलावत होती, बरोबर बोलावत होती.

मागच्या खिडकीतून पोरगी म्हणाली, "आई, बाजूला हो ना. बाबा तुझ्याकडे बघतच नाहीयेत."