भिंतीतली बोटं
भिजलेल्या मातीत मुरलेल्या पेंढ्याचा आंबूस वास आला की देवरूखजवळचं आमचं अर्धवट घर आठवतं. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात भिंतीवर रोज मातीचा एकेक थर चढे, आणि वरच्या थराने पकड घ्यावी म्हणून आई ओल्या मातीत बोटं रुतवून खळगे करी. भिंत कमरेइतकी झाली आणि आई तापाने गेली. तेरावं उरकल्यावर बाबा घमेलं घेऊन भिंतीपाशी आले, पण तिच्या बोटांचे सुकलेले खळगे पाहून थांबले. "घाल रे माती," आत्या म्हणाली, "त्याच्यासाठीच केलेन तिने." बाबांनी घमेलं खाली ठेवलं, खळग्यांवर पाणी शिंपडलं आणि एकेक खळगा हाताने भरला. परवा वायरमनने त्याच भिंतीवर नेमकी कमरेच्या उंचीवर छिन्नी टेकवली, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "तिथे नको, तिला लागेल."